एगिसहाइममधलं एका आठवड्याचं घर

प्रकरण साधं दिसतं. सहा मोठी माणसं, दोन मुलं, फ्रान्समधल्या एका जुन्या वाइनगावात एका आठवड्यासाठी भाड्याचं घर. घरं भरपूर होती, पैसेही बाजूला काढलेले होते. तरीही निर्णयाला बरेच महिने लागले आणि शेवटी आम्ही सगळ्यांना आवडलेलं घर सोडून दुसरंच घेतलं. ते का, हे सविस्तर लिहिते आहे, कारण परदेशात राहणारी मुलं आता आईवडिलांना घेऊन अशा गावांत हॉटेलऐवजी घर शोधू लागली आहेत. त्यांच्यापुढे हेच प्रश्न येणार.

आमच्यातली माणसं आधी सांगते. काका निफाड तालुक्यातले द्राक्षबागाईतदार, सत्तरी ओलांडलेले. काकूंचा एक गुडघा बदललेला. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला, सोबत वहिनी आणि दोन मुलं. पुण्याहून मी आणि माझा नवरा. शोधाची आणि पत्रव्यवहाराची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण मला थोडं फ्रेंच येतं.

वेळ काकांच्या बागेनं ठरवली. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे नवी काडी वाढवण्यासाठीची, मग पावसाळाभर त्या काडीची काळजी, आणि सप्टेंबरच्या शेवटापासून गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, धांदल. एकदा गोडी छाटणी झाली की माल हातात येईपर्यंत बाग सोडून जायचं नाव काढायचं नाही. म्हणून मोकळीक मिळाली तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, एवढीच. दादाच्या मुलांचंही तिथेच जमत होतं. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गच्या शाळांची उन्हाळी सुट्टी उशिरा सुरू होते आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. आणि अल्सासमध्ये, म्हणजे एगिसहाइम ज्या पूर्व फ्रान्सच्या भागात आहे तिथे, नेमका तेव्हाच काढणीचा हंगाम तोंड वर काढतो. बुडबुड्यांची वाइन, म्हणजे क्रेमाँ, तिच्यासाठीची द्राक्षं आधी काढतात, आणि नियमाप्रमाणे ती हातानंच काढावी लागतात. काकांना एवढं सांगितल्यावर दुसऱ्या कुठल्या जागेचा विषयच निघाला नाही.

गाव

एगिसहाइम कोल्मार शहराच्या नैऋत्येला, गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर आहे. वस्ती दोन हजारांच्या आत. मधोमध छोटा किल्ला, आणि त्याच्याभोवती कड्यांसारख्या वळत गेलेल्या गल्ल्या, जिथे पूर्वी तटबंदी होती. नववे लिओ हे पोप 1002 मध्ये इथल्याच सरदारघराण्यात जन्मले असं गाव अभिमानानं सांगतं. 2013 मध्ये फ्रेंच टीव्हीवरच्या मतदानात हे फ्रान्सचं सर्वांत आवडतं गाव ठरलं. ही बाब भाडेकरूनं लक्षात ठेवावी, कारण तेव्हापासून उन्हाळ्यात आणि नाताळच्या आधी गावात माणसांची रीघ असते. 1953 साली सुरू झालेला अल्सासचा वाइनमार्ग इथून जातो, सुमारे 170 किलोमीटर लांबीचा. गावाला लागूनच दोन ग्राँ क्रू, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचे, मळे आहेत, आइशबर्ग आणि फर्सिगबर्ग.

काकांना सगळ्यात भावली ती इथली पर्जन्यछाया. पश्चिमेचे ढग वोझ डोंगर अडवतो आणि कोल्मारच्या पट्ट्यात वर्षाला 500 ते 600 मिलिमीटरच पाऊस पडतो. निफाडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, सह्याद्रीनं त्यांच्याही बाबतीत तेच केलं आहे.

दोन घरं

पहिलं घर आतल्या गल्लीतलं. सतराव्या शतकातलं, ओकच्या तुळयांच्या चौकटीत माती-गवताचा गिलावा भरलेलं, खिडक्यांत लाल जिरेनियम. फोटो पाहूनच वहिनी आणि मुलं हरखली. मालक दुसऱ्या शहरात, किल्ली दारावरच्या आकड्यांच्या पेटीत.

दुसरं घर गावाच्या कडेला. एका वाइनकुटुंबाच्या अंगणातल्या जुन्या कोठाराचं केलेलं घर. मालकीणबाई आणि त्यांचं कुटुंब त्याच अंगणात समोर राहतं. सुट्टीच्या घरांच्या अधिकृत दर्जात तीन तारे मिळालेलं. फोटोंत विशेष काही नाही: अंगण, पिंपं, पांढऱ्या भिंती.

फ्रान्समध्ये सुट्टीचं घर भाड्यानं देणाऱ्यानं जागेचं लेखी वर्णनपत्र द्यावं लागतं. मागितलं की मिळतं, पण मागणारे कमी. मी दोघांकडे मागितलं आणि तिथून प्रकरणानं वळण घेतलं. पहिल्या घराच्या पत्रात होतं: तळमजल्यावर फक्त प्रवेश आणि सामानाची जागा, पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि एकच स्वच्छतागृह, झोपायच्या तिन्ही खोल्या दुसऱ्या आणि माळ्याच्या मजल्यावर, जिना गोल आणि अरुंद, माळ्यावर छत उतरतं. फोटोंमध्ये जिना कुठेच नव्हता.

हे त्या एका घराचं वैगुण्य नाही. वाइनगावातली जुनी घरं अशीच असतात आणि त्याला कारण आहे. तळमजला पिंपांसाठी, घाण्यासाठी, अवजारांसाठी लागायचा, माणसं त्यावर राहायची. तटबंदीच्या आत जागा मोजकी, म्हणून घरं रुंदीनं चिंचोळी आणि उंचीला चढलेली. आता त्यात लिफ्ट बसवायची किंवा बाहेरच्या भिंतीवर एसीचं यंत्र लावायचं म्हटलं, तर संरक्षित वास्तूच्या 500 मीटरच्या आत असल्यामुळे सरकारी वास्तुतज्ज्ञाचा अभिप्राय घ्यावा लागतो, आणि एसीला तो सहसा अनुकूल नसतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे उकाडा असू शकतो, आणि माळ्यावरच्या खोलीत तो जास्तच.

काकूंनी रात्री दोनदा उठून एक मजला उतरायचा, गोल जिन्यानं, अंधारात, नव्या गुडघ्यानं. हे वाक्य मी घरच्या सामूहिक फोनवर मोठ्यानं म्हटलं आणि थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग काकूच म्हणाल्या, "माझ्यासाठी मुलांचा हिरमोड नको. मी बसून-बसून उतरेन." त्यावर दादा म्हणाला, "आई, तू बसून उतरणार असशील तर मला ते घर नको."

तरी बाजू दुसरीही होती, आणि वहिनीनं ती नीट मांडली. अशा गावात दिवसा बसभर पाहुणे येतात आणि संध्याकाळी निघून जातात. त्यानंतर त्या वळणदार गल्ल्या आत राहणाऱ्यांच्याच असतात. कडेच्या घरातून रोज दहा मिनिटं चालत आत जायचं आणि काकू दमल्या की परत फिरायचं, यात तो अनुभव निम्मा हातचा जातो. हे खरंच आहे, त्याची भरपाई कडेचं घर करू शकत नाही. पण कडेच्या घरात तळमजल्यावर शयनगृह आणि शेजारी न्हाणीघर होतं. आणि गाडी अंगणात लागत होती, तर आतल्या घरासाठी गावाबाहेरच्या पैसे भरून लावायच्या वाहनतळावरून आठ जणांचं सामान ओढत न्यावं लागलं असतं.

करार

इतक्यावर निर्णय झाला असता, पण मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. दोन्ही घरांनी आगाऊ रक्कम मागितली, आणि दोघांच्या करारांत त्या रकमेचा प्रकार वेगळा होता.

फ्रेंच कायद्यात आगाऊ पैसे दोन प्रकारचे असतात. एक ‘आर’. यात भाडेकरूनं बेत रद्द केला तर ती रक्कम बुडते, पण पुढचं देणं लागत नाही. आणि मालकानं शब्द फिरवला तर त्यानं दुप्पट परत करायची. दुसरा ‘आकोंत’. हा पक्क्या व्यवहाराचा पहिला हप्ता. रद्द केलं तरी मालक उरलेलं भाडंही मागू शकतो. पहिल्या घराच्या करारात 30 टक्के आकोंत होता, दुसऱ्यात 25 टक्के आर. भाडं दोन्हीकडे आठवड्याला 1,400 युरोच्या आसपास, म्हणजे बेत फसला तर एकीकडे साडेतीनशे युरोंवर पाणी, दुसरीकडे पूर्ण रकमेचा धोका. वस्तू ऑनलाइन घेतल्यावर युरोपात चौदा दिवसांत परत करता येते, तशी मुभा ठरावीक तारखांच्या मुक्कामाला नसते. तिच्यावर विसंबून कोणी सही करू नये.

बेत फसण्याची शक्यता आमच्या बाबतीत कागदी नव्हती, कारण चौघांना व्हिसा लागणार होता. आणि इथे एक गुंता निघाला. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात जास्त मुक्काम त्या देशाकडे मागायचा असतो. काका-काकू जास्त दिवस दादाकडे राहणार होते, म्हणून त्यांचा अर्ज जर्मनीकडे. आम्ही दोघं श्टुटगार्टला थोडेच दिवस, जास्त रात्री अल्सासच्या घरात, म्हणून आमचा अर्ज फ्रान्सकडे. घर एक, करार एक, वकिलाती दोन. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्याआधी नाही. निकाल साधारण पंधरा दिवसांत, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. घर मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच धरावं लागतं. म्हणजे व्हिसाचं उत्तर यायच्या कितीतरी आधी पैसे जातात. आणि व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतो, म्हणून करार आधी हवाच.

यावर उपाय फ्रेंच नागरी संहितेतच आहे. करार एखाद्या अनिश्चित घटनेवर अवलंबून ठेवता येतो. घरं खरेदी करताना तिथले लोक कर्जमंजुरीसाठी अशी अट सर्रास घालतात. मी दोन्ही मालकांना लिहिलं की आम्हाला व्हिसाची अट करारात हवी आहे. आतल्या घराकडून दोन ओळींत नकार आला. त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या घराला मागणी आहे आणि त्यांनी हा धोका का पत्करावा?

मालकीणबाईंनी उलट प्रश्न विचारला: नकार ऑगस्टच्या मध्यावर कळला तर मी ते घर कोणाला देऊ? प्रश्न रास्त होता. मग दोघींनी मिळून मजकूर ठरवला. चौघांपैकी कोणाचाही व्हिसा नाकारला गेला आणि आम्ही नकारपत्राची प्रत 15 जुलैच्या आत पाठवली, तर करार संपतो आणि पूर्ण रक्कम परत. त्या तारखेनंतर जबाबदारी आमची. शिवाय आठही जणांची नावं, पासपोर्टवर आहेत तशी, करारात लिहिली. हे शेवटचं क्षुल्लक वाटेल, पण एकाच्या नावावर घेतलेलं घर बाकीच्यांसाठी मुक्कामाचा पुरावा म्हणून लंगडं पडतं. काका-काकूंच्या अर्जाला दादाचं निमंत्रण आणि खर्चाचं हमीपत्र होतं, तरी अल्सासच्या आठवड्यासाठी हा करारही जोडला. आमच्या अर्जाला तर तोच मुख्य कागद होता. चौघांचे व्हिसा मुदतीच्या आत आले.

पैसे भरताना एक खबरदारी. घर खरंच आहे का, हे गावच्या पर्यटन कार्यालयाच्या यादीत पाहून घेतलं, ताऱ्यांचं प्रमाणपत्र मागितलं (ते पाच वर्षांसाठीच असतं, म्हणून तारीखही पाहिली), आणि रक्कम दादाच्या जर्मन खात्यातून पाठवली. ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव जुळतं की नाही हे दाखवावं लागतं. सुट्टीच्या घरांच्या फसवणुकीत नेमकी हीच जागा कच्ची असायची: जाहिरात एकाची, खातं भलत्याचं.

जामीनरक्कम हा शेवटचा अडथळा. फ्रान्समध्ये ती बहुधा न वटवलेल्या चेकनं ठेवतात, आणि जर्मनीत राहणाऱ्याकडे चेकबुकच नसतं. शेवटी ती हस्तांतरणानंच दिली आणि किती दिवसांत परत करायची ते लिहून घेतलं.

मुक्काम

शनिवारी संध्याकाळी पोचायचं, असं बहुतेक घरांचं असतं. अल्सासमध्ये त्याला एक पुस्ती आहे. इथे 1871 ते 1918 या जर्मन अमलातले काही कायदे अजून लागू आहेत आणि रविवारी दुकानं उघडण्यावर उरलेल्या फ्रान्सपेक्षा कडक बंधनं आहेत. वाटेत कोल्मारला वाणसामान भरलं नसतं तर सोमवारपर्यंत ब्रेड-चीजवर राहावं लागलं असतं.

पोचल्यावर मालकीणबाईंबरोबर घराची पाहणी केली. चुलीच्या काचेवर एक जुना ओरखडा होता. दादानं त्याचा फोटो काढला आणि पाहणीपत्रावर लिहून घेतलं. स्वयंपाकाचं आधी विचारून ठेवलं होतं: चूल इंडक्शनची, म्हणून ॲल्युमिनियमची कढई निरुपयोगी. वहिनीनं घरून लोखंडी तवा आणि स्टीलच्या बुडाचा कुकर आणला. फ्रान्समध्ये 2015 पासून प्रत्येक घरात धुराचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं आहे, म्हणून फोडणीच्या वेळी अंगणाकडचं दार उघडं. तूप मात्र निफाडहून आणता आलं नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ प्रवासी सामानात आणायला बंदी आहे. काकूंनी तिथलंच लोणी कढवलं.

पहाटे ट्रॅक्टर सुरू व्हायचे, चर्चची घंटा वाजायची. कडेचं घर असूनही आवाज होता, आणि काढणीच्या हंगामात तो असणारच. फ्रान्सनं जानेवारी 2021 मध्ये कायदाच केला की खेड्यातले आवाज आणि वास हा त्या खेड्याचा वारसा आहे. कोंबडा आरवतो, घंटा वाजते म्हणून सुट्टीवर आलेल्यांनी कोर्टात जायचं, हे वाढत चाललं होतं. मला हा कायदा मनापासून पटतो. ज्याला शांतता हवी त्यानं काढणीच्या आठवड्यात वाइनगावात जाऊ नये.

खरा लाभ झाला तो मालक समोर राहण्याचा. दुसऱ्याच दिवशी मालकीणबाईंच्या भावानं काकांना मळ्यात नेलं. मी दुभाषी. काकांनी पहिल्यांदा वेलीचं खोड हातात धरलं, मग तारा मोजल्या. मांडव नाही, वेल सरळ तारांवर उभी, गेल्या वर्षीच्या एक-दोन काड्या वाकवून बांधलेल्या. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. "थंडीच तुमची खरड छाटणी करते," काका म्हणाले, आणि मी ते कसंबसं फ्रेंचमध्ये आणलं. पुढे भाषांतराची फार गरज उरली नाही. पानाच्या मागची पांढरी बुरशी पाहून काका "केवडा" म्हणाले, भाऊ "मिल्द्यू" म्हणाले, दोघांनी मान हलवली.

केवडा हा वेलीचा बुरशीरोग अमेरिकेतून फ्रान्समध्ये 1878 च्या सुमारास आला आणि मोरचूद-चुन्याचं मिश्रण 1885 मध्ये बोर्डोच्या मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्यावर उपाय म्हणून मांडलं. निफाडच्या प्रत्येक शेडमध्ये आजही ‘बोर्डो’चा ड्रम असतो. काकांनी त्यांना प्रमाण सांगितलं. भावानं सांगितलं की युरोपात आता तांब्यावर मर्यादा आहे, सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, त्याहून जास्त नाही. काकांनी तो आकडा डायरीत लिहून घेतला. खुंटावर कलम दोन्हीकडे करतात, पण कारणं वेगळी. तिथे मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीसाठी, आपल्याकडे डॉगरिज जातीचा खुंट वापरतात तो क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. या एका मुद्द्यावर दोघं तासभर रमले.

संध्याकाळी काका अंगणात बसून बोलले ते मी इथे नोंदवते, कारण घराच्या निवडीशी त्याचा संबंध आहे. त्यांनी एकेकाळी वाइनची द्राक्षं लावली होती. 2009 च्या सुमारास नाशिकला वाइनद्राक्षांना उठाव राहिला नाही, अनेकांनी बागा तोडल्या, त्यात त्यांचीही गेली. "आम्ही द्राक्षं दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली," ते म्हणाले. "यांच्याकडे वाइन यांच्या घराखालीच होते, विकतात दारात, आणि वरची खोली भाड्यानं देतात. एक बुडालं तर दुसरं धरतं." फ्रान्समध्ये ग्रामीण सुट्टीघरांची चळवळ सुरू झाली तीच या हेतूनं. पहिलं असं घर 1951 मध्ये, त्यांचा राष्ट्रीय संघ 1955 मध्ये: शेतकऱ्याला जोडउत्पन्न आणि ओस पडणारी घरं उभी राहावीत म्हणून. आता त्याच घरांची संख्या इतकी वाढली की गावातल्या तरुणांना राहायला घर मिळेना. नोव्हेंबर 2024 च्या कायद्यानं महापौरांना अशा भाड्यांवर मर्यादा घालायचे अधिकार दिले आणि करसवलतही कमी केली. मी यापुढे शक्य असेल तेव्हा स्वतः तिथे राहणाऱ्या, शेती करणाऱ्या कुटुंबाचंच घर निवडेन. त्यांचं भाडं गावात राहतं.

निघताना पर्यटनकराचा हिशेब झाला. अठराखालच्या मुलांना तो नसतो. तारेवाल्या घराला माणशी ठरावीक दर, बिनतारेवाल्याला माणशी भाड्याच्या 1 ते 5 टक्के. जामीनरक्कम ठरल्या मुदतीत परत आली, ओरखड्याची चर्चा निघालीच नाही.

वहिनीला आता नाताळबाजारासाठी आतल्या गल्लीतलंच घर हवं आहे. डिसेंबरात काका-काकू येऊ शकत नाहीत, बागेत मणी भरत असतात. जिन्याचा प्रश्न त्यामुळे उरत नाही, आणि जाणार ते दादाचंच कुटुंब, म्हणून व्हिसाचाही नाही. मी त्याच मालकांना पुन्हा लिहिलं आहे. या वेळी विचारलं आहे ते इतकंच: हीटिंग भाड्यात धरलं आहे की मीटरप्रमाणे वेगळं, माळ्यावरच्या खोलीत हीटर आहे का, आणि 26 डिसेंबरला अल्सासमध्ये सुट्टी असते तर त्या दिवशी घर सोडताना पाहणीला कोण येणार.